घरी बांधायच्या अ‍ॅल्युमिनियम विमानाचे रिव्हेटिंग : बिघाड ओळखणे, काढणे आणि केव्हा हात न लावणे

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका टूलरूमच्या मागे पत्र्याची शेड आहे. तिथे आम्ही दोघे मित्र सुट्टीच्या दिवशी दोन आसनांचे अ‍ॅल्युमिनियमचे विमान बांधत आहोत. कामाची सुरुवात शेपटीच्या सुकाणूपासून केली. पहिल्या दिवशी मारलेल्या ४० रिव्हेटपैकी (रिव्हेट म्हणजे पत्रे जोडणारी, एका टोकाला डोके असलेली धातूची खिळी, जिच्या दांडीचे दुसरे टोक ठोकून पसरवतात) ११ मला पसंत पडले नाहीत, म्हणून ते लगेच काढायला घेतले आणि काढता काढता सात भोके बिघडवली. ते ११ रिव्हेट नंतर मोजून पाहिले, तर त्यांतले निदान आठ तसेच ठेवण्याजोगे होते. मी काढले ते रिव्हेट, पण नुकसान झाले पत्र्याचे. रिव्हेट नवा मिळतो, भोक मात्र पुन्हा लहान करता येत नाही. पुढे जे लिहिले आहे त्यातील प्रत्येक सूचनेमागे हे एकच कारण आहे.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करतो. आपल्या विमानाचा आराखडा आणि किट बनवणाऱ्याची पुस्तिका यांत जे दिले आहे ते या लेखापेक्षा वरचढ मानावे. आणि काम सुरू करण्यापूर्वीच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे, परवानगीबाबत विचारणा करावी, कारण पत्रा बंद झाल्यावर आतले रिव्हेट कोणालाही दाखवता येत नाहीत.

रिव्हेट कोणता, हे आधी

अशा विमानांत बहुतेक ठिकाणी दोन प्रकारचे भरीव रिव्हेट लागतात. गोलसर, वर दिसणाऱ्या डोक्याचा एएन ४७० आणि पत्र्याशी सपाट बसणारा, १०० अंशांच्या शंकूसारख्या डोक्याचा एएन ४२६. त्यापुढे येणारी 'एडी' ही अक्षरे २११७-टी४ हा मिश्रधातू दर्शवतात, आणि त्याची खूण म्हणजे डोक्याच्या मधोमध असलेला बारीक खळगा. खळगा नसलेला, गुळगुळीत डोक्याचा रिव्हेट ११०० या मऊ अ‍ॅल्युमिनियमचा असतो. त्याची काप (पत्रे एकमेकांवर सरकवून रिव्हेट कापू पाहणारा जोर) सहन करण्याची ताकद एडीच्या साधारण एक तृतीयांश असते, त्यामुळे आराखड्यात स्पष्ट सांगितल्याशिवाय तो सांगाड्यात कुठेही वापरू नये. शहरातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे खिडक्या-दारांचे पॉप रिव्हेट दिसायला कितीही मजबूत वाटले तरी विमानाजवळ आणू नयेत. नीट बसलेला १/८ इंचाचा एक एडी रिव्हेट सुमारे ३८८ पाउंड, म्हणजे १७६ किलो इतका काप सहन करतो, असे धरून आराखडाकाराने त्यांची संख्या ठरवलेली असते.

एडी ४-४ या नावातील पहिला ४ म्हणजे जाडी ४/३२ इंच, आणि दुसरा ४ म्हणजे लांबी ४/१६ इंच. लांबी निवडण्याचा नियम सोपा आहे. जोडायच्या सर्व पत्र्यांची एकूण जाडी घ्यावी आणि तिच्यात रिव्हेटच्या जाडीची दीडपट मिळवावी. ०.०३२ इंचाचे दोन पत्रे १/८ इंचाच्या रिव्हेटने जोडायचे असतील, तर ०.०६४ अधिक ०.१८८, म्हणजे जवळजवळ पाव इंच, आणि म्हणून एडी ४-४. पुस्तिकेत लांबी दिलेली असली तरी प्रत्येक नव्या जोडाला एकदा हा हिशेब स्वतः करावा, कारण पुढे दिसणारे निम्मे बिघाड चुकीच्या लांबीतून येतात. दांडी लांब असेल तर ती ठोक्याखाली वाकते, आखूड असेल तर ठोकून घडवायचे डोके पुरेसे पसरत नाही आणि माणूस नकळत जास्त ठोकत राहतो.

भोक

३/३२ इंचाच्या रिव्हेटसाठी क्रमांक ४० चे ड्रिल (०.०९८ इंच) आणि १/८ इंचासाठी क्रमांक ३० चे ड्रिल (०.१२८५ इंच) लागते. नाशिकच्या बाजारात मिलिमीटरची ड्रिले सहज मिळतात, क्रमांकाची शोधावी लागतात, आणि त्यामुळे मोह होतो. २.५ मिमीचे ड्रिल क्रमांक ४० च्या इतके जवळ आहे की फरक नगण्य म्हणावा. पण ३.३ मिमीचे ड्रिल क्रमांक ३० पेक्षा मोठे भोक पाडते आणि ३.२ मिमीच्या भोकात रिव्हेट अडतो. १/८ इंचासाठी क्रमांकाचेच ड्रिल मागवावे, एकदम डझनभर मागवावीत, आणि धार गेलेले ड्रिल घासून पुन्हा न वापरता बाजूला ठेवावे. बोथट ड्रिल दाबून चालवले की भोक तीन कोपऱ्यांचे होते. डोळ्याला ते गोलच दिसते, पण रिव्हेटची दांडी त्यात सगळीकडून भरत नाही.

भोकाच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर रिव्हेटच्या जाडीच्या किमान दुप्पट असावे, सपाट डोक्याच्या रिव्हेटसाठी अडीचपट धरावे, आणि दोन रिव्हेटांतील अंतर किमान तिप्पट असावे. खुणा करताना शिसपेन्सिल वापरू नये, कारण पत्र्यावर राहिलेला ग्राफाइट ओल लागताच अ‍ॅल्युमिनियमला खाऊ लागतो. बारीक टोकाचा मार्कर घ्यावा.

सगळी भोके पाडून झाली की जोड पूर्ण सोडवावा. हे काम कंटाळवाणे आहे आणि म्हणूनच टाळले जाते, परंतु दोन पत्र्यांच्या मध्ये अडकलेला धातूचा कीस आणि भोकाच्या कडेला उठलेली धार, जिला आपल्याकडच्या कारखान्यांत 'बर' म्हणतात, ही दोन्ही काढल्याशिवाय पत्रे एकमेकांना चिकटून बसूच शकत नाहीत. बर काढण्याचे साधन हाताने एक-दोन फेऱ्या फिरवणे पुरेसे असते. त्याहून जास्त फिरवले तर पातळ पत्र्यात उतरती कड तयार होते आणि रिव्हेटला धरायला भिंतच राहत नाही. बोटाचे टोक भोकावरून फिरवावे. काही टोचले नाही की थांबावे.

डिंपल आणि काउंटरसिंक

सपाट डोक्याचा रिव्हेट बसवण्यासाठी ०.०४० इंचापेक्षा पातळ पत्र्याला डायने खळगा पाडतात, म्हणजे डिंपल करतात, आणि जाड भागात काउंटरसिंक, म्हणजे कटरने शंकूच्या आकाराची खाच, कापतात. डिंपल अर्धवट पडला, तर त्याभोवतीचा पत्रा किंचित फुगलेला राहतो आणि रिव्हेटची पूर्ण ओळ संध्याकाळच्या तिरप्या उजेडात लाटांसारखी दिसते. त्यावर उपाय डिंपल पाडतानाच करावा लागतो. सी-फ्रेम (डाय धरणारी इंग्रजी C च्या आकाराची चौकट) हलणार नाही अशी ठेवून एकच भरीव ठोका द्यावा, दोन-तीन घाबरट ठोके देऊ नयेत. डाय पूर्ण मिटली असेल तर खळग्याभोवती स्पष्ट गोल ठसा उमटतो. खळग्याच्या कडेला केसासारखी चीर दिसली, तर बहुतेक वेळा तिचे मूळ न काढलेल्या बरीत असते.

वरच्या पत्र्याचा डिंपल खालच्या जाड भागातील काउंटरसिंकमध्ये बसणार असेल, तर तो काउंटरसिंक रिव्हेटच्या डोक्याला लागतो त्यापेक्षा सुमारे ०.००७ इंच जास्त खोल हवा. नाहीतर दोन्हींमध्ये फट राहते आणि ती ठोकून मिटत नाही. खोली ठरवताना त्याच जाडीच्या तुकड्यावर डिंपल केलेला पत्रा बसवून पाहावा आणि मगच खऱ्या भागाला कटर लावावा.

गन, बार आणि दोन माणसे

जिथे हाताचा किंवा हवेवर चालणारा स्क्वीझर पोहोचतो, तिथे गन, म्हणजे हवेवर चालणारी ठोके देणारी बंदूक, वापरूच नये. स्क्वीझर सरळ दाबतो आणि प्रत्येक डोके सारखे देतो. लहान सुकाणूंच्या आतल्या पट्ट्यांसाठी उलट रिव्हेटिंगही फार सोयीचे पडते. त्यात रिव्हेटचे तयार, म्हणजे मुळातच असलेले, डोके खाली गुळगुळीत पोलादी पाटावर टेकवून गन रिव्हेटच्या शेपटीच्या, म्हणजे पसरवायच्या टोकाच्या, बाजूने चालवतात, आणि पत्रा बाहेरून आरशासारखा सपाट राहतो.

उरलेल्या ठिकाणी गन आणि बकिंग बार, म्हणजे दांडीच्या टोकावर धरायचा जड धातूचा ठोकळा, लागतोच. ३/३२ इंचाच्या रिव्हेटसाठी दोन ते तीन पाउंडांचा आणि १/८ इंचासाठी तीन ते चार पाउंडांचा बार साधारण योग्य पडतो. हवेचा दाब गनवरच्या रेग्युलेटरने ठरवावा. लहान रिव्हेटसाठी ३० पीएसआयच्या (पाउंड प्रति चौरस इंच) आसपास आणि मोठ्यासाठी ४० च्या आसपास सुरुवात करून, दोन-तीन सेकंदांत डोके तयार होईल असा दाब शोधावा. दाब कमी ठेवून बराच वेळ टकटक करणे सुरक्षित वाटते, पण त्याने नुकसानच होते. ठोके खाऊन २११७ चा धातू कठीण होत जातो, मग तो पसरण्याऐवजी कडेला चिरतो. पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीत पाणी भराभर साचते, म्हणून दर तासाला ते सोडावे आणि गनच्या आधी पाणी वेगळे करणारा फिल्टर लावावा, कारण ओल्या हवेवर गनचा ठोका एकसारखा पडत नाही.

आता क्रम पाहू. प्रथम गनचा सेट, म्हणजे तिच्या तोंडाला बसवलेला ठोकण्याचा तुकडा, रिव्हेटच्या डोक्यावर काटकोनात आणि घट्ट टेकवावा. मग बारवाल्याने दांडीवर बार ठेवावा. बारचा दाब गनच्या दाबापेक्षा कमी असला पाहिजे, नाहीतर बारच रिव्हेटला बाहेर ढकलतो आणि डोक्याखाली फट राहते. ट्रिगर सोडल्यानंतरच बार उचलावा. कानांवर मफ असल्याने बोलून काही कळत नाही, म्हणून जुन्या कारागिरांची टिचकीची पद्धत वापरावी. बारवाल्याने रिव्हेटवर एकदा टिचकी दिली तर 'मार' किंवा 'अजून मार', दोनदा दिली तर 'चांगला झाला', तीनदा दिली तर 'बिघडला, काढायचा'. ही पद्धत आम्हाला ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेल्या एका काकांनी शिकवली. त्यांनी पहिल्या दिवशी मला गन दिलीच नाही. "आधी बार धर. डोकं कसं तयार होतं ते हाताला कळू दे, गन नंतर आपोआप येते," असे ते म्हणाले. दोन तास बार धरल्यावर ते काय म्हणत होते हे उमगले. सुरुवातीला बार हातात थरथरतो, आणि डोके पुरेसे पसरले की ती थरथर अचानक घट्ट होते, ठोक्याचा आवाजही बोदा न राहता खणखणीत होतो. जुन्या नाशकातल्या तांबट आळीत हंड्यावर हातोडा चालवणारा कारागीर पाहण्याआधी ऐकतो, तसाच कान इथेही लागतो.

पत्रे क्लेकोंनी, म्हणजे भोकात घालून पत्रे तात्पुरते धरणाऱ्या स्प्रिंगच्या खिळ्यांनी, घट्ट आवळलेले असावेत. ३/३२ इंचासाठी रुपेरी आणि १/८ इंचासाठी तांबूस क्लेको असतात. सुरुवातीला एक भोक सोडून एक क्लेको लावावा आणि क्लेकोची काटकसर करू नये. ओळीच्या मध्यापासून बाहेरच्या टोकांकडे रिव्हेट मारत जावे, म्हणजे पत्र्यातला ताण कडेला निघून जातो. एका टोकाकडून दुसरीकडे गेले तर शेवटच्या काही भोकांजवळ पत्र्याला फुगवटा येतो आणि तो दाबला की डब्याच्या तळासारखा आत-बाहेर होतो.

मोजणी

घडवलेल्या डोक्याचा व्यास दांडीच्या जाडीच्या दीडपट आणि उंची निम्मी असावी. म्हणजे ३/३२ इंचासाठी सुमारे ३.६ मिमी व्यास आणि १.२ मिमी उंची, १/८ इंचासाठी ४.८ मिमी आणि १.६ मिमी. हे मोजायला व्हर्निअर प्रत्येक ठिकाणी शिरत नाही, म्हणून एक सोपे गेज बनवावे. १८ गेजचा पत्रा १.२ मिमीचा आणि १६ गेजचा १.६ मिमीचा असतो. त्यांच्या पट्ट्यांत अनुक्रमे ३.६ आणि ४.८ मिमीची भोके पाडावीत. पट्टी डोक्यावर ठेवली असता डोके भोकात नेमके बसले आणि पट्टीच्या पृष्ठभागाशी समपातळीत आले, तर रिव्हेट उत्तम आहे. डोके भोकात सैल आणि वर उंच राहिले तर कमी मारलेला, भोकात शिरतच नसेल तर जास्त मारलेला.

उत्तम आणि नापास यांच्यामध्ये बरीच जागा आहे, आणि नवशिके तीच विसरतात. प्रचलित अमेरिकी लष्करी मानकानुसार ३/३२ इंचासाठी व्यास किमान ०.१२२ इंच आणि उंची किमान ०.०३८ इंच, तर १/८ इंचासाठी ०.१६३ आणि ०.०५० इंच एवढे भरले तरी रिव्हेट स्वीकारला जातो. मी काढलेल्या ११ रिव्हेटांपैकी आठ या मर्यादेत होते.

बिघाड आणि त्यांची कारणे

डोके एका बाजूला कलंडले असेल तर बार तिरपा धरला गेला किंवा रिव्हेट लांब होता. कलंडणे सुरुवातीलाच दिसले, तर थांबून बारचा कल किंचित उलटा करून एक-दोन ठोक्यांत ते सावरता येते. दांडी पूर्ण मुडपली की सावरण्याचा प्रयत्न सोडावा.

तयार डोक्याखाली फट दिसत असेल आणि तिच्यात सर्वात पातळ फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) शिरत असेल, तर बारने रिव्हेट बाहेर ढकलला आहे किंवा भोकाच्या तोंडाशी बर राहिली आहे. हा बिघाड नंतर ठोकून जात नाही.

दोन पत्र्यांच्या मध्ये धातू फुगून बसणे हा सर्वांत फसवा दोष आहे. बाहेरून दोन्ही डोकी सुबक दिसतात, पण पत्रे एकमेकांना टेकलेले नसतात. कारण नेहमी दोहोंपैकी एक असते, क्लेको कमी पडले किंवा मध्ये कीस राहिला. कडेने विजेरी धरून पत्र्यांच्या मधली रेघ पाहावी. उजेड आरपार दिसला तर तो रिव्हेट काढावाच लागतो.

डोक्यावर चंद्रकोरीसारखी खूण उमटली असेल तर गन तिरपी झाली होती. गोल डोक्यावरची उथळ कोर दिसायला वाईट असली तरी बहुधा निरुपद्रवी असते. तीच कोर पत्र्यात उतरली असेल, तर मात्र तिची धार गुळगुळीत घासून काढावी, कारण धारदार खाचेतूनच पुढे तडा सुरू होतो. सपाट रिव्हेटसाठी फिरत्या तोंडाचा आणि रबरी कड असलेला मश्रूम सेट वापरल्यास ही कोर जवळजवळ उमटतच नाही.

डोक्याच्या कडेला चिरा असतील, तर धातू कठीण झाला होता किंवा रिव्हेट गरजेपेक्षा जास्त मारला गेला.

काढावा की ठेवावा

कमी मारलेला रिव्हेट काढू नये, पुन्हा मारावा. किंचित जास्त पसरलेला, पण न चिरलेला आणि पत्र्याला इजा न केलेला रिव्हेट तसाच ठेवावा. एका लांब ओळीतील एखादा थोडा तिरका रिव्हेटही, किमान माप भरत असेल तर, ठेवावा. हे सांगताना मला पूर्ण जाणीव आहे की विमानाच्या बाबतीत 'चालेल' हा शब्द धोक्याचा आहे. पण काढताना मोठे झालेले भोक हा थोड्या तिरक्या डोक्यापेक्षा मोठा दोष आहे, आणि तो वाढत जातो. पंखाचा मुख्य स्पार (पंखाच्या लांबीभर जाणारी तुळई), कुलाबे आणि सुकाणूंचे जोड यांबाबत मात्र नुसती शंका आली तरी रिव्हेट काढावा, आणि तेही ताज्या हाताने, सकाळी.

काढण्याची पद्धत

एडी रिव्हेटच्या डोक्यातील खळगा ड्रिलला मध्य दाखवतो. ३/३२ इंचाच्या रिव्हेटसाठी क्रमांक ४० चेच किंवा त्याहून थोडे बारीक ड्रिल घ्यावे. आधी ते बोटांनी फिरवून खळग्यात मध्य पक्का करावा, मगच ड्रिल मशीन लावावी आणि मंद गतीने फक्त डोक्याच्या जाडीइतके खोल जावे. इथेच माझी सात भोके बिघडली होती. मी मशीन थेट लावली, ड्रिल खळग्यातून निसटले आणि दांडीच्या कडेने पत्र्यात उतरले.

नंतर भोकात बसेल असा पिन पंच घालून तो हलकेच एका बाजूला झुकवावा. डोके टोपीसारखे तुटून येते. नाही आले तर जोर करू नये, आणखी थोडे ड्रिल करावे. आता दांडी बाहेर काढताना पत्र्याला मागून आधार देणे अत्यावश्यक आहे. शेपटीच्या डोक्यापेक्षा मोठे भोक असलेला लाकडी ठोकळा मागे धरावा आणि पिन पंचावर लहान हातोडीने एक नेमका ठोका द्यावा. दांडी निघत नसेल तर तिच्या मध्यातून बारीक ड्रिलने अजून आत जावे, म्हणजे आतला ताण सैल होतो. आधार न देता ठोकल्यास पातळ फासळीची कड वाकते आणि नव्या रिव्हेटखाली पुन्हा फट येते.

भोक किंचित मोठे झाले असेल, तर दोन मार्ग आहेत. सपाट रिव्हेटच्या जागी एनएएस १०९७ हा लहान डोक्याचा रिव्हेट घेता येतो. त्याची १/८ इंच जाडीची आवृत्ती ३/३२ इंचाच्या डिंपलमध्ये सामावते आणि जाड दांडी मोठे भोक भरून काढते. दुसरा मार्ग म्हणजे भोक पुढच्या मापाला नीट वाढवून मोठा रिव्हेट घेणे. दोन्हींत कडेचे अंतर नव्या जाडीनुसार पुन्हा मोजावे. १/८ इंचाच्या गोल डोक्यासाठी ते ६.३५ मिमी तरी हवे. भोकाचा इंग्रजी आठाचा (8) आकडा झाला असेल किंवा अंतर भरत नसेल, तर मोजमापासह छायाचित्र काढून आराखडाकाराला विचारावे आणि उत्तर येईपर्यंत तो भाग बाजूला ठेवावा.

पत्र्याचे तापमान

हा मुद्दा आम्हाला मे महिन्यात कळला. शेडच्या दारातून ऊन पत्र्यावर येत होते आणि खालचा सांगाडा सावलीत होता. अ‍ॅल्युमिनियमचा दोन मीटर लांबीचा पत्रा सांगाड्यापेक्षा १० अंशांनी गरम असेल, तर तो जवळजवळ अर्धा मिलिमीटर जास्त लांब होतो. तसाच रिव्हेट केला की संध्याकाळी थंड होताना तो ताणून बसतो. उलट सांगाडा गरम आणि पत्रा थंड असेल तर नंतर पत्रा सैल पडतो आणि डबडब करतो. म्हणून दोन्ही भाग आदल्या रात्रीपासून एकाच सावलीत ठेवावेत, आणि मोठ्या पत्र्यांचे काम ऊन चढण्याआधी उरकावे.

बंद होणारा प्रत्येक भाग मिटवण्यापूर्वी तो उलटा करून हलवावा आणि आत राहिलेला कीस व निघालेल्या दांड्या काढून घ्याव्यात. काढलेल्या दांड्यांची संख्या नोंदवहीतील काढलेल्या रिव्हेटांच्या संख्येशी जुळते का हे पाहावे, प्रत्येक ओळीचे विजेरीच्या उजेडात छायाचित्र घ्यावे, दुरुस्त केलेल्या भोकांची जागा आराखड्याच्या प्रतीवर लाल शाईने नोंदवावी, आणि त्यानंतरच शेवटच्या पत्र्याचा पहिला क्लेको लावावा.